शेवटच्या कडव्यातलं नाव

नाशिकच्या कोर्टात माझ्या माघारी मला 'गाणेवाल्या बाई' म्हणतात. तोंडावर 'मॅडम' म्हणतात, ही त्यांची सभ्यता. खरं सांगायचं तर मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. शाळेच्या समूहगीतात बाईंनी मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पण वकिलीत असं होतं, की एका प्रकारची एक केस जिंकलात की त्या प्रकारची माणसं पत्ता विचारत तुमच्याच पायऱ्या चढतात. कुणाला कुळकायदा चिकटतो, कुणाला घटस्फोट. मला गायक चिकटले.

भांडण समजायला सोपं आहे. तुम्ही एक गाणं केलंत. त्याची कधीकाळी कॅसेट निघाली, ती निघाली हे कंपनीही विसरली. मग कुणीतरी हौशी माणसाने ती कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली आणि एका वेबसाइटवर टाकून दिली. तिथून ज्याला हवं त्याने ते गाणं फुकट उतरवून घ्यावं, दुसऱ्याला पाठवावं, त्यात ढोल घालावा, शिट्ट्या घालाव्यात, वेग दुप्पट करावा. तुम्ही जाब विचारलात तर वेबसाइटवाले म्हणतात, 'आम्ही काय केलं? आम्ही नुसती भिंत आहोत. भिंतीवर कोण काय चिकटवून जातं ते भिंतीला कसं कळणार?' हे वरकरणी पटतंही. फक्त त्या भिंतीवर मधोमध पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती कशा लागतात, हे विचारलं की भिंत मुकी होते.

कायदा अगदीच आंधळा नाही. तक्रार केली की त्यांनी गाणं दीड दिवसात खाली काढायचं. पण तुम्ही तीन आठवड्यांत कोर्टाचा हुकूम आणला नाहीत, तर त्यांना ते परत लावायची मुभा. त्यातली एक गोष्ट आमच्यासारख्यांच्या फायद्याची. असा दावा गाणारा माणूस जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. म्हणजे वेबसाइट सातासमुद्रापार असली तरी सातपूरच्या माणसाने नाशिकलाच दावा लावायचा. हे मी पक्षकारांना सांगायची तेव्हा त्यांचे चेहरे खुलायचे. पुढचं सांगायची तेव्हा मावळायचे. कारण हुकूम मिळतो, गाणं निघतं, आणि आठवड्याने नावातलं एक अक्षर बदलून तीच वेबसाइट तेच गाणं घेऊन पुन्हा हजर. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच.

या कामाचा मोठा भाग ऐकण्याचा असतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कुठल्या पत्त्यावर कुठलं गाणं आहे, ते आपल्याच पक्षकाराचं आहे का, किती कापलंय, काय घुसडलंय, हे सगळं आधी स्वतः ऐकून मग शपथेवर लिहावं लागतं. म्हणून मी कानाला हेडफोन लावून एकेक गाणं शेवटपर्यंत ऐकायची. कोर्टासमोरच्या इमारतीत माझी खोली होती, तिथे ऐकायची, आणि उरलेलं इंदिरानगरला घरी नेऊन ऐकायची. लग्न केलं नाही. आई होती तोवर ती स्वयंपाकघरातून ओरडायची, 'अगं, ते कानातलं काढ, पोळी गार होतेय.' ती गेली आणि कानातलं काढायचं कारणच उरलं नाही. दिवसभर कानात बायाबापड्यांचे आवाज, ढोलकी, हार्मोनियम, आणि हेडफोन काढला की घरात फ्रीजची घरघर. लोकांना वाटायचं, काय मजा आहे हिची, गाणी ऐकायचे पैसे मिळतात. मला आता कुठलंही गाणं लागलं की आधी मनात येतं, हे कुणाचं चोरलंय? गाणं ऐकायचं सुख या धंद्याने माझ्याकडून कायमचं काढून घेतलं, आणि ते कुठल्या कोर्टात मागायचं हे मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट समोरच्या खुर्चीची. बाकीच्या वकिलांचे पक्षकार बांधावरून भांडतात, पण निदान भांडायला दोघं असतात. व्हरांड्यात एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरतात आणि अर्ध्या तासाने एकाच टपरीवर चहा पितात. त्यांचे वकीलही आत ओरडतात आणि बाहेर येऊन एकमेकांच्या डब्यातलं लोणचं खातात. माझ्या केसमध्ये समोर कुणी यायचंच नाही. पट्टेवाला नियमाप्रमाणे दारात उभा राहून पुकारा करायचा. एकदा एका वेबसाइटच्या नावाचा पुकारा करायचा होता. इंग्रजी नाव, पुढे डॉट, पुढे आणखी काहीतरी. आमच्या पट्टेवाल्याने घसा साफ केला आणि व्हरांडा दणाणून ते नाव तीनदा घेतलं, शेवटी 'हाजिर हो!' व्हरांड्यातल्या शेतकऱ्यांनी वळून पाहिलं, हा कोण पाहुणा? कुणीच आलं नाही. पट्टेवाला आत येऊन मला हळूच म्हणाला, 'मॅडम, हे गृहस्थ येणारे का कधी?' मी हसले. पण त्या दिवशी घरी जाताना वाटलं, आपण आयुष्यभर रिकाम्या खुर्चीशी वाद घालतोय. भांडायलाही माणूस लागतं.

पक्षकार मात्र एकेक नग. बागलाणातला एक गायक आला होता. अहिराणी गाणं, लग्नाच्या वराती ज्याच्यावर नाचतात तसलं. कुठल्याशा वेबसाइटने ते चोरलंय म्हणून तावातावाने माझ्या टेबलावर मूठ आपटली. मी नोटीस दिली, नशीब असं की गाणं चटकन निघालं. महिन्याभराने स्वारी पुन्हा दारात, खांदे पडलेले.

'ताई, ते गानं परत लाई द्या.'

'अहो, काढायला तुम्हीच सांगितलंत ना?'

'सांगं व्हतं. पन आते कोनी बलावतच नही. ते गानं ऐकीसन लोके फोन करेत. आते मन्हं नाव कोनले म्हाईत शे?'

चोरानेच त्याला गावोगाव पोचवलं होतं. चोरीची तक्रार मागे घेऊन चोराला 'पुन्हा ये' म्हणण्याचा अर्ज कायद्यात नाही. मी त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार. जाताना त्याने पायऱ्यांवर तेच गाणं गुणगुणलं. चांगलं होतं. हेडफोनशिवाय ऐकलं म्हणून असेल.

ही झाली गंमत. जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट यमुनाबाईंची आहे.

यमुनाबाई सातपूरला राहतात. वय साठीच्या पुढे. उमेदीची सगळी वर्षं एका छोट्या वर्कशॉपमध्ये मोटारीच्या कॉइल गुंडाळण्यात गेली, आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी मास्तर सुखदेव यांच्या गायन पार्टीत. मास्तर इगतपुरीचे, रेल्वेत कामाला. जयंती असो, कुणाचं लग्न असो, नाहीतर गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, मास्तरांची पार्टी म्हणजे शब्द चोख, असा लौकिक होता. पार्टीत बाई एकच, यमुना. मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. म्हणाल्या, 'वकीलबाई, एक गानं बंद करायचंय.'

गाणं मला माहीत होतं. नाशिकमध्ये कुणाला माहीत नाही? 'भोंगा वाजला, लेकरू निजलं, दार मी हळूच लोटलं.' पहिल्या पाळीला निघालेली आई, झोपलेलं मूल उठू नये म्हणून दार हलकेच ओढून घेते, एवढंच ते गाणं. पण मी ऐकलं होतं ते ढोलावरचं. कुणीतरी यमुनाबाईंचा जुना कॅसेटमधला आवाज उचलून त्याचा वेग वाढवला होता आणि दर ओळीनंतर एका पुरुषाचे चावट उद्गार आणि शिट्ट्या घातल्या होत्या. एका गाणी वाटण्याच्या अ‍ॅपवरून हजारो लोक ते उतरवून घेत होते. खाली गीतकाराच्या जागी एकच शब्द, 'पारंपरिक'.

'पुतण्याच्या हळदीला लावलं व्हतं,' यमुनाबाई म्हणाल्या. 'पोरं शिट्ट्या मारीत व्हती. माझा ल्योक पुन्याहून आलता, त्योबी नाचत व्हता त्याच्यावर. ज्याच्यासाठी मी दार लोटलं, त्योच.'

'त्याला सांगितलं नाही तुम्ही, की हे तुमचं गाणं आहे?'

त्यांनी पिशवी आणखी जवळ ओढली. मग म्हणाल्या, 'मास्तरांचं म्हनूनच समद्यांना म्हाईत. मी कशी सांगू?'

मग ती हकीकत बाहेर आली. गाणं यमुनाबाईंनी रचलं होतं, वर्कशॉपमध्ये, कॉइल गुंडाळता गुंडाळता. हाताच्या फेऱ्यांवर चाल आपोआप बसली. मास्तरांना ऐकवलं. मास्तर खूष झाले, म्हणाले, शेवटचं कडवं घाल आणि स्टेजवर घे. आता या पार्ट्यांमध्ये शेवटच्या कडव्याला फार मान. तिथे कवीचं नाव येतं, ऐकणाऱ्याला कळावं की हे बोल कुणाचे. पण शिष्याने स्वतःचं नाव घालायचं नाही, गुरूचं घालायचं, अशीही रीत. गुरू हयात असताना स्वतःच्या नावाने कडवं म्हणणं म्हणजे गुरूसमोर पाय पसरून बसणं. म्हणून यमुनाबाईंनी लिहिलं, 'सुखदेव सांगे, बायांनो ऐका, घामाची भाकर गोड गं.' कॅसेट निघाली. वेष्टनावर छापलं, मास्तर सुखदेव आणि पार्टी. ना मास्तर खोटं बोलले, ना यमुनाबाई. दोघंही रीत पाळत होते.

मी त्यांना कायदा समजावला. कुणी आपली कलाकृती विद्रूप केली तर ती थांबवायचा हक्क तिच्या कर्त्याला असतो. पैसे घेऊन गाणं विकून टाकलेलं असलं तरी हा हक्क उरतो. पण आधी कर्ता कोण ते सिद्ध करायला हवं. 'म्हणजे तुम्हाला कोर्टात उभं राहून सांगावं लागेल, की शब्द माझे, चाल माझी. मास्तरांचं नाव रीतीमुळे आलं, गाणं त्यांचं नाही.'

'आसं मोठ्यानं बोलावं लागंल?'

'हो. आणि ते टाइप होईल.'

त्यांनी पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. मग म्हणाल्या, 'बोलंन. एकदा तरी बोलाया पायजे.'

तेव्हा मला कळलं की ही बाई नुसतं चावट गाणं बंद करायला आलेली नाही. अ‍ॅपवर 'पारंपरिक' लिहिलेलं तिला लागलं होतंच. पारंपरिक म्हणजे ज्याचा कर्ता कुणालाच माहीत नाही, केव्हाच मेलेला. आणि कर्ती इथे माझ्या समोर बसून पाणी मागत होती. मलाही त्या केसने धरून ठेवलं. इतकी वर्षं गाण्यांच्या केसेस केल्या, पण गाण्यातली बाई माझ्याच वयाची, माझ्यासारखीच संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडणारी, असं पूर्वी झालं नव्हतं. नवरा लवकर गेलेला. मुलगा पुण्यात, वागायला चांगला, फोनवर म्हणायचा, 'आई, कशाला त्या भानगडीत पडतेस, सोडून दे.' पुढे त्या कधीकधी काम नसतानाही माझ्याकडे यायच्या. आम्ही फारसं बोलायचो नाही. मी कागद चाळायची, त्या बसून राहायच्या. संध्याकाळी दोघी एकदम उठायचो.

आणि या वेळी नवल घडलं. समोरची खुर्ची भरली. अ‍ॅपवाल्यांनी मुंबईहून वकील पाठवला. तरुण, नम्र, कागद नीट लावलेला मुलगा. मला मनातून आनंद झाला हे कबूल करते, चला, एकदाचं कुणीतरी आलं. त्याचं म्हणणं दोनच मुद्द्यांचं. एक, आम्ही भिंत आहोत. दुसरं जास्त धारदार होतं, ही बाई गाण्याची कर्तीच नाही, गाण्याच्या शेवटी चक्क दुसऱ्याचं नाव आहे. ढोलवाल्यांनी ते कडवं कापून टाकलं होतं, पण या मुलाने कष्ट घेऊन कुठूनतरी जुनी कॅसेट शोधून आणली होती. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

आमच्याकडे साक्षीदार म्हणाल तर यमुनाबाई एकट्या. पार्टीतला हार्मोनियमवाला गेला, ढोलकीवाला गेला. एक कोरसवाला होता त्याला आता आपलं नावही आठवत नाही. म्हणून सगळी मदार त्यांच्या साक्षीवर. त्यांच्या तोंडचं म्हणणं मी शपथपत्रात लिहून दाखल केलंच होतं, पण उलटतपासणीत ते टिकायला हवं. आम्ही माझ्या खोलीत तालीम केली. मी मुंबईचा वकील व्हायची आणि खडसावून विचारायची. पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटेना. पाचव्या-सहाव्या खेपेला त्या अशा ठामपणे म्हणाल्या, 'शब्द माझे हायेत, चाल माझी हाय, नाव गुरूचं घालायची आमच्यात रीत हाय,' की मीच दचकले. मग दोघी हसलो. त्या हसल्या की हातानं तोंड झाकायच्या.

साक्षीच्या दिवशी आम्ही व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघत होतो. तेवढ्यात एक फार म्हातारी बाई, काठी टेकत, भिंत धरत आली. पांढरं लुगडं, काखेत कापडात गुंडाळलेली चौकट. यमुनाबाई ताडकन उठल्या, जयभीम करून पायाशी वाकल्या.

'वकीलबाई, ह्या माई. मास्तरांच्या मंडळी.'

माई इगतपुरीहून एसटीने एकट्या आल्या होत्या. भाच्याने बसवून दिलं, इथे कंडक्टरने उतरवून दिलं. धापा टाकत म्हणाल्या, 'गान्याची केस हाय म्हनून कळलं. म्हटलं, यमुना एकटी उभी ऱ्हानार. आपलं मानूस पाठीशी नको का? आन् मास्तरांनाबी घेऊन आले.' त्यांनी कापड बाजूला केलं. मास्तरांचा फोटो, फेटा बांधलेला, हातात डफ, खाली काचेवर ताजं, इवलंसं झेंडूचं फूल चिकटवलेलं.

यमुनाबाईंचा चेहरा मी पाहिला. त्याचा रंगच उडाला होता. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, 'यमुनाबाई, जे ठरलंय तेच बोलायचं.' त्यांनी मान हलवली. तेवढ्यात पुकारा झाला.

माई मागच्या बाकावर बसल्या. पट्टेवाल्याने फोटोकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, माईंनी तो मांडीवर उभा धरला, तोंड पिंजऱ्याकडे. पट्टेवाला म्हणाला, 'बरं राहू द्या, पण इथे बोलायचं नाही हां आजी.' माईंनी तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

मुंबईच्या मुलाने ओरडा केला नाही, खडसावलं नाही. मी तालमीत ओरडले होते तसं काहीच नाही. त्याने मोबाइलवर ते शेवटचं कडवं लावलं. यमुनाबाईंचाच पंचविशीतला आवाज कोर्टात भरून राहिला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

'बाई, हा आवाज तुमचा?'

'माझा.'

'आणि यात नाव कुणाचं आहे?'

'मास्तर सुखदेवांचं.'

'मग हे गाणं कुणाचं?'

यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मागे बाकाकडे पाहिलं. माई पुढे झुकून ऐकत होत्या, फोटो दोन्ही हातांनी धरलेला. न्यायाधीश म्हणाले, 'उत्तर द्या बाई.'

'ज्याचं नाव, त्याचं गानं,' यमुनाबाई म्हणाल्या. 'आमच्यात आसंच आस्तंय.'

ते टाइप झालं. मी फेरतपासणीला उठले. माझा आवाज जरा चढलाच असेल. विचारलं, पण शब्द कुणी जुळवले? वर्कशॉपमध्ये कॉइल गुंडाळताना कोण होतं? त्या खाली बघत म्हणाल्या, 'आता मला काय आठवत नाय.' मुंबईचा मुलगाही चुळबुळला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता त्याचा. यमुनाबाई पिंजऱ्याच्या दोन पायऱ्या अशा उतरल्या की जणू कुणाच्या घरातून न जेवता निघाल्यात.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्यांच्यावर, माईंवर, त्या फोटोवर, त्या रीतीवर. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर यमुनाबाई बसल्या होत्या. मी फायली आवरत उभी राहिले. माई काठी टेकत आल्या, त्यांच्या शेजारी टेकल्या, फोटो मधे ठेवला.

'यमुने, आसं काय बोललीस गं आत?' माई म्हणाल्या. 'गानं तर तुझं हाय.'

यमुनाबाईंनी मान वर केली.

'मास्तर त्याच दिवशी घरी येऊन म्हनले व्हते. पोरीनं काय गानं बांधलंय, म्हनले, आन् नाव माझं घातलंय येडीनं. लय येळा म्हनायचे. जायच्या आधीबी म्हनले. मी तर बघाया आले, आज तरी माझी यमुना समद्यांसमोर सांगंल. मला वाटलं मास्तरांनीबी ऐकावं. मधी बोलनार व्हते, पन त्या मानसानं गप बसाया सांगितलंवतं.'

व्हरांड्यात नेहमीची गर्दी होती. दोन भाऊ वाटणीवरून हमरीतुमरीवर आले होते. यमुनाबाई माईंकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

'माई, म्हाईत व्हतं, तर एकदा तरी म्हनायचं व्हतं.'

माईंनी फोटोवरचं फूल उगाच नीट केलं. मग माझ्याकडे वळल्या. 'वकीलबाई, आता लिवून घ्या ना. मी सांगते. गानं हिचं हाय. सही बी करते.'

मी म्हटलं, 'माई, आता लिहून घेता येत नाही.'

तरी मी अर्ज केला. माईंची साक्ष घ्यावी म्हणून विनवलं. पण जिचा दावा तीच शपथेवर गाणं आपलं नाही म्हणते, तिथे दुसऱ्याने काय सांगायचं? अर्ज गेला, मग दावाही गेला. न्यायाधीशांचा निकाल कायद्याने बरोबर होता, त्यात मला काढायला खोट सापडली नाही. मुंबईच्या मुलाने नंतर मला फोन केला. म्हणाला, 'मॅडम, मी अ‍ॅपवाल्यांना सांगून बघतो, आपणहून काढा म्हणून.' त्याने बहुधा खरंच सांगितलं असावं, कारण ते गाणं तिथून काही दिवस गायब झालं. मग दुसऱ्या कुठल्या भिंतीवर आलं. आज या घडीलाही आहे, शिट्ट्यांसकट, 'पारंपरिक' म्हणून.

माई पुढच्या हिवाळ्यात गेल्या. यमुनाबाई अजून येतात माझ्याकडे. मी आता गाण्यांच्या केसेस घेत नाही, खोलीही सोडली, म्हणून घरी येतात. आम्ही चहा घेतो. मागे एकदा मी विचारलं, तुम्हाला त्या दिवशी माईंचा राग आला नाही? म्हणाल्या, 'राग कसला. त्यांनाबी कुनी म्हनलं नसंल कधी, हे तुझं म्हनून.' मग कप विसळून ठेवला.

दिवाळी अंकासाठी हे लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, नाव बदलू का? कोर्टात एक बोललात आणि इथे दुसरं छापून येणार, लोक बोलतील. मी बाकी सगळ्यांचं नावगाव पुसून टाकलं आहे, ते त्यांना सांगितलं.

'माझं ऱ्हाऊ द्या,' त्या म्हणाल्या. 'आन् मास्तरांचंबी ऱ्हाऊ द्या. ते गान्यातच हाय.'

तर वाचकहो, तुमच्या दारावरून वरात गेली आणि 'भोंगा वाजला' कानावर पडलं, तर एवढं लक्षात असू द्या.

शब्द आणि चाल : यमुनाबाई, राहणार सातपूर.